तीन पुरवण्या

(कलबुर्गीतल्या एका विद्यापीठातलं दिव्यांग साहाय्य केंद्र. दुपारची वेळ. टेबलाच्या एका अंगाला केंद्राचं काम बघणाऱ्या नागरत्ना, समोर इतिहासाचे प्राध्यापक श्रीहरी.)

नागरत्ना : सर, फारम उलटं धरलाव तुमी.

श्रीहरी : हां? घाईत धरलं असेल.

नागरत्ना : आन् हे पोरांचं हाय. मास्तरांचं पिवळं असतंय. तुमच्या डाव्या हाताशीच पडलंय की.

श्रीहरी : मला नको होतं. ओळखीच्या एका गृहस्थांना पाहिजे होतं. त्यांना दिसायचा जरा त्रास आहे.

नागरत्ना : कवापासून?

श्रीहरी : सहा वर्षं. आधी अंधारात दिसेना. आता मधलं तेवढं दिसतं, कडेचं नाही. नळीतून बघितल्यासारखं. हैदराबादचे डॉक्टर म्हणाले, नळी बारीक होत जाणार. औषध नाही.

नागरत्ना : मग ते गृहस्थ वर्गात शिकवतेत कसं?

श्रीहरी : सगळं पाठ करून. पोरांना आवाजावरून ओळखतात... बाई, तुम्हाला कळलंय.

नागरत्ना : दोन वर्सं झाली. जिन्यात तुमी पायानं पायरी हुडकताव. माझा पाय ल्हानपणीच पोलिओनं गेला सर, पायरीला भेणारं माणूस मला लांबूनच वळकू येतं.

श्रीहरी : मग विचारलं का नाही?

नागरत्ना : इचारलं असतं तर तुमी व्हय म्हणलाव असताव?

श्रीहरी : नसतो म्हणालो. भीती वाटायची. दिसत नाही म्हटल्यावर कोण ठेवून घेणार?

नागरत्ना : नोकरी जात न्हाई की. कायदाच हाय तसा. नोकरीत असताना डोळे गेले, पाय गेला, तरी काढता येत न्हाई, खालच्या जागेवर टाकता येत न्हाई. वाचून दाखवायला माणूस मागता येतो. पेपर तपासायचं काम दुसऱ्याला द्या म्हणता येतं.

श्रीहरी : हे कधीपासून आहे?

नागरत्ना : लई वर्सं झाली.

श्रीहरी : म्हणजे मी एक अर्ज केला असता...

नागरत्ना : एक अर्ज, आन् डॉक्टरचा एक कागद.

श्रीहरी : हे आज कळायला नको होतं, बाई.

नागरत्ना : कामून? आज तर आलाव. बरंच झालं की.

श्रीहरी : ह्या पिशवीत एक उत्तरपत्रिका आहे. गेल्या साली मी तपासलेली. न विचारता आणलीय, तेही चुकलंच. परवा जुने गठ्ठे मोडीत काढायला आमचा शिपाई व्यंकट मोजत बसला होता. मला म्हणाला, सर, ह्याला माघं तीन पुरवण्या बांधल्यात आन् एकीवरबी लाल खूण न्हाई. कोऱ्या हायत का? मी भिंगानं बघितलं. कोऱ्या नव्हत्या.

नागरत्ना : तुमाला त्या दिसल्याच न्हाईत.

श्रीहरी : पुरवणी जोडल्याचा आकडा पहिल्या पानावर कोपऱ्यात लिहितात. कोपरा मला दिसत नाही. शेवटच्या पानावर आडवी रेघ दिसली, मी धरलं की संपलं. चोवीस गुण दिले. ऐंशीपैकी चोवीस म्हणजे नापास. कुणाची आहे ते माहीत नाही, वर फक्त नंबर असतो. तुम्ही वाचून दाखवा. मला नीट तपासायचीय.

नागरत्ना : द्या हिकडं. बघू... अगं आई.

श्रीहरी : काय झालं?

नागरत्ना : सर, हे अक्षर हेमावतीचं हाय.

श्रीहरी : कोण हेमावती?

नागरत्ना : करजगीची. पयल्या बाकावर बसायची. जन्मापासून तिचे हात कापतेत. हे बघा, अक्षर असं वल्या मातीवर कोंबडी चालल्यासारखं... तुमाला कसं दिसंल. एक अक्षर काढायला तिला आपल्या चौपट टाइम लागतो. लेखनिक घे म्हणलं तर न्हाई म्हणली, माझं मी लिव्हते, टाइम तेवढा जादा द्या. त्या एका तासासाठी मी परीक्षा विभागात चार महिने खेटे घातले सर. कुबडी घेऊन तिसरा मजला. लिफ्ट बंद.

श्रीहरी : आणि मिळाला?

नागरत्ना : मिळाला. ह्या तिन्ही पुरवण्या त्या जादा तासातल्या हायत.

श्रीहरी : निकाल कळल्यावर काय म्हणाली ती?

नागरत्ना : निकाल लागल्यावर हितंच बसून रडली. म्हणली, अक्का, तास दिला तरी जमलं न्हाई मला. आन् मी काय म्हणले ठावं हाय का? फेरतपासणीला टाक म्हणायचं सोडून मी म्हणले, जिवाला तरास करून घेऊ नको, नसंल झेपत तर थोडे दिवस घरी जा. तिला झेपलं न्हाई असं मलाबी वाटलं. मलाबी, सर! मी ह्या खुर्चीवर बसते.

श्रीहरी : वाचा, बाई. पहिल्या पुरवणीपासून.

नागरत्ना : कन्नडमध्ये लिव्हलंय. बिदरच्या करेजवर हाय. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातनं शहरात कसं आणलं, मधी मधी हवेला विहिरी कामून ठेवल्या... चित्र काढलंय. रेघा वाकड्या झाल्यात, पण समदं दावलंय. उतार कुणीकडं हाय त्याला बाण केलाय.

श्रीहरी : उतार दाखवलाय? वर्गात मी तो फक्त बोलून सांगितला होता, फळ्यावर काढला नव्हता. काढता येत नव्हता मला. बारा द्या. पुढं?

नागरत्ना : पुढचा महसुलाचा. म्होरं बाजारपेठांचा.

श्रीहरी : सगळं वाचा. एक ओळही सोडू नका.

नागरत्ना : ...हे शेवटचं वाक्य. खाली लिव्हलंय, वेळ संपली.

श्रीहरी : महसुलाला अकरा. शेवटच्याला तेरा. छत्तीस झाले. आधीचे चोवीस. साठ. बाई, साठ गुणांच्या पोरीला मी घरी पाठवलं. तिला फोन लावा.

नागरत्ना : आत्ता? आधी कुलसचिवांना पत्र लिव्हा, मग...

श्रीहरी : पत्र आजच देणार आहे. माझ्या डोळ्यांसकट सगळं लिहून. पण तिला कागदावरून कळायला नको.

नागरत्ना : लावते. आवाज मोठा केलाय, तुमालाबी ऐकू येईल... हेमावती? मी नागरत्ना अक्का बोलायलेय. कशी हाईस गं?

हेमावती : अक्का! बरी हाय जी. अंगणवाडीत हाय. पोरांना अक्षरं सांगायलेय. तोंडीच सांगते, फळ्यावर आमची बाई लिव्हती. मी लिव्हायचं सोडलं.

नागरत्ना : हितं श्रीहरी सर बसलेत. तुझ्याशी बोलायचंय त्यास्नी.

हेमावती : सर? नमस्कार सर.

श्रीहरी : हेमावती, तू नापास झाली नव्हतीस.

हेमावती : जी?

श्रीहरी : तुझ्या तीन पुरवण्या मी तपासल्याच नाहीत. मला डोळ्यांनी नीट दिसत नाही, बरीच वर्षं. मी कुणाला सांगितलं नाही. तुला साठ गुण पडतात. चूक माझी आहे, तुझी काहीच नाही.

हेमावती : साठ?

नागरत्ना : व्हय गं, साठ.

हेमावती : सर, करेजचं बरोबर होतं का?

श्रीहरी : उत्तम होतं. फेरतपासणीला का नाही टाकलंस, पोरी?

हेमावती : तुमी तपासलाव म्हणल्यावर बरोबरच असंल वाटलं. अप्पा म्हणले होते, टाकून बघ. मीच म्हणले, आमचे सर चुकत न्हाईत.

श्रीहरी : अप्पांना दे फोन. त्यांच्याशीही बोलतो. माफी मागायचीय.

हेमावती : अप्पा गेले सर. संक्रांत झाली आन् आठ दिवसांनी. छातीत दुखलं म्हणले, अफजलपूरला न्हेईस्तवर...

नागरत्ना : मला सांगितलीस न्हाई गं.

हेमावती : काय तोंडानं फोन करू, अक्का? तुमी तेवढं केलाव, मी नापास होऊन आले. अप्पा कुणी इचारलं की सांगायचे, पोरीनं हात हायत तेवढं केलं. रागावले न्हाईत कवा. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यास्नी येवढंच ठावं राहिलं सर, की मला जमलं न्हाई.

श्रीहरी : हेमावती, मी काय बोलू?

हेमावती : काय बोलू नका सर. तुमी फोन केलाव. कागद येईल ना? त्यावर नाव पुरं लिव्हायला सांगा. हेमावती शिवशरण. अप्पाचं नाव गाळू देऊ नका.

नागरत्ना : गाळू देत न्हाई. आन् तू परत येतीस का गं? जागा मी बघते.

हेमावती : आज न्हाई सांगता येत, अक्का. आई एकटीच हाय. आन् माझं मन... बघू. पोरं वरडायलीत, ठेवते. सर, तुमी डोळ्याला जपा.

नागरत्ना : ठेवला तिनं.

श्रीहरी : मला जपा म्हणाली.

नागरत्ना : सर, पाणी घ्या. समोरच हाय, थोडं उजवीकडं.

श्रीहरी : पिवळं फॉर्म काढा, बाई. मी सांगतो, तुम्ही लिहा. आणि पत्रही लिहायचंय.

नागरत्ना : लिव्हते. फारमात एक रकाना हाय. घरच्या कुणाला म्हायती हाय, त्यांचं नाव.

श्रीहरी : कोणाचंच नाही.

नागरत्ना : घरीबी सांगितलाव न्हाई? सहा वर्सं?

श्रीहरी : माझा फोन घ्या. बायकोला लावून द्या, अन्नपूर्णा नावानं आहे... हॅलो, अन्नपूर्णा? हो, जेवलो. नाही, बरं आहे, नुसता आवाज बसलाय. ऐक. मी स्कूटर विकली आणि चालत यायला लागलो ना, ते रक्तातली साखर कमी करायला नव्हतं.