आजवर कुणाला न दिसलेले कण

बाइंडिंगच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक मुलगी होती, हातात प्रबंधाचा गठ्ठा. सोबत तिची आत्या, निवृत्त नर्स.

“हा फोटो बघ, आत्या. रानातल्या कंदाचा स्टार्च, मायक्रोस्कोपखाली. हे मोठे, शिंपल्यासारखे, ते नेहमीचे कण.”

“आणि हे बारके, कोनदार?”

“तेच तर माझं संशोधन! या कंदात असे कण आजवर कुणालाच दिसले नव्हते.”

“तुला बरे दिसले!”

“चार वर्षं डोळे फोडलेत गं. सरांनी तर पाठ थोपटली.”

“आणि तुमच्या लॅबमध्ये ही असली रंगवलेली नखं चालतात?”

“हातमोजे घालतो ना आम्ही.”

“पावडरचे?”

“हो. पटकन चढतात.”

“चढतात खरे. पण आम्ही ऑपरेशनआधी ते ओल्या कापडाने पुसून घ्यायचो. पावडर पेशंटच्या पोटात राहिली की डॉक्टर आम्हाला फाडून खायचे.”

“एवढं काय असतं त्या पावडरीत?”

“काही नाही गं, मक्याचं पीठ.”

“थांब, तो फोटो दे बघू परत.”

“काय झालं?”

“आत्या, मक्याचे कण बारके असतात. कोनदार.”

“अगं बाई! पण सरांनाही कळलं नाही ना? मग आता कोण बघायला बसलंय?”

“मी बसले होते ना. चार वर्षं.”

“ताई, तुमचा नंबर. कव्हरवर अक्षरं सोनेरीच ना?”

“राहू द्या, काका. इथे जवळ औषधाचं दुकान कुठे आहे? बिनपावडरचे हातमोजे हवेत.”