खिडकी की फळा

सिस्टर : बसायला नाही आले मी. नापास झाले, एवढंच सांगायला आले.

बाई : नापास? तोंडी परीक्षेत? अहो, तीन महिन्यांत माझ्या इंग्रजीच्या वर्गात तुमचं एकही उत्तर चुकलं नाही!

सिस्टर : तेच विचारतेय. का नाही चुकलं?

बाई : म्हणजे काय?

सिस्टर : तुम्ही तोंडापुढे वही धरून शब्द म्हणायचात. 'व्हेस्ट' ऐकू आलं की सगळ्यांनी खिडकीकडे पळायचं, 'वेस्ट' आलं की फळ्याकडे. बरोबर?

बाई : बरोबर. कान तयार होतात त्यानं.

सिस्टर : पाय तयार झाले माझे! मला दोन्ही एकच ऐकू येतं. जन्मभर एकच 'व' बोलत आले मी. वर्गातली ती बँकेत कामाला असलेली पोरगी जिकडे पळायची, तिच्यामागे मी.

बाई : वा! म्हणजे मला फसवलंत, आणि वर माझ्यावरच डाफरताय?

सिस्टर : डाफरणारच! बावीस वर्षं वॉर्डात पेशंट उचलतेय. कंबरेचा पार भुगा झालाय. ही परीक्षा पास झाले तर हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसवतील, नोकरी टिकेल, नाहीतर घरी. परीक्षेला साहेबांनी समोर एकटीला बसवलं नि शब्द विचारले. मी येड्यासारखी इकडेतिकडे बघतेय. कुणाच्या मागे पळू?

बाई : मग मला आधी सांगायचं होतंत.

सिस्टर : तुम्हाला दिसत नव्हतं? खरं सांगा. माझ्या गळ्याची शपथ.

बाई : शपथा कसल्या घालताय! दिसत होतं. दुसऱ्याच आठवड्यात कळलं. सगळे निघाले की अर्धं पाऊल उशिरा निघायचात तुम्ही.

सिस्टर : आणि गप्प बसलात?

बाई : बसले! मागच्या वर्षी एका काकूंना एकटं उभं केलं होतं. पोरं फिदीफिदी हसली. त्या गेल्या, त्या परत फिरकल्या नाहीत. वाटलं, निदान तुमची लाज राखावी.

सिस्टर : लाज? अहो, परक्या माणसांची शी-शूची भांडी उचललीत मी, अंगं पुसलीत. मला कसली लाज घेऊन बसलात? तुम्ही मला शिकवायचं टाळलंत, बाई. गोड बोलून टाळलंत. राग त्याचा आहे.

बाई : ...फेरपरीक्षा आहे?

सिस्टर : सोमवारी.

बाई : चार दिवस. पर्स ठेवा ती. उभ्या राहा इथे, मधोमध.

सिस्टर : आत्ता? वर्ग सुरू व्हायचाय. पोरं येतील.

बाई : येऊ देत. हसलं कुणी तर कान धरून बाहेर काढीन. पाठ करा माझ्याकडे. व्हेस्ट.

सिस्टर : फळा.

बाई : चूक. खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून म्हणा. घासला पाहिजे, गुदगुल्या झाल्या पाहिजेत. व्हेस्ट.

सिस्टर : व्हे... व्हेस्ट.

बाई : आता ओठांचा चंबू. दातांना लावायचं नाही. वेस्ट.

सिस्टर : व्हेस्ट.

बाई : चूक!

(दारातून मुलं आत येतात आणि थबकतात.)

सिस्टर : या रे, बसा. बाई, थांबू नका. परत म्हणा.

बाई : वेस्ट.

सिस्टर : खिडकी?

बाई : चूक.

सिस्टर : हां. असं तोंडावर सांगा. पुढचा.