सुटणारी गाठ

मंडळी, नामानं तोंड गोड झालं. आता थोडं कडू घ्या. साधा प्रश्न विचारतो — माणसाला लाज कधी वाटते?

पुढच्या रांगेतून उत्तर आलं, "पकडल्यावर!" वा काका! अनुभवाचे बोल दिसतात! पण पकडल्यावर वाटते ती भीती. लाज निराळी. ती कधी वाटते ते मी नाही, भिवाजी सांगेल. ऐका!

भिवाजी हा मांडव घालणारा. लग्न असो, बारसं असो, पुढाऱ्याची सभा असो — बांबू भिवाजीचे, दोर भिवाजीचा! तीस वर्षांचा हात. आणि त्याची गाठ कशी? वाऱ्यात खांब हलायचा नाही, इतकी पक्की. पण मोकळं टोक ओढा — सुर्रकन सुटली! का? कारण मांडव उतरवायचा असतो, मंडळी! वरात निघाली की तासाभरात बांबू टेम्पोत. मांडववाल्याची गाठ सुटण्यासाठीच बांधलेली असते. एवढं तुम्ही लक्षात ठेवा. भिवाजीनं ठेवलं नाही.

गावाशेजारी मोरकडा. ऐंशी फूट, सरळ भिंत! तिथं शहरातली माणसं यायला लागली. कशाला? दोराला लटकून खाली उतरायला! शेजारी पायवाट आहे हो! पण पायवाटेनं उतरल्याचे फोटो कोण बघतो?

भिवाजीनं एकदा एका पथकाचं सामान कड्यावर वाहून दिलं. दोन दिवस झाडामागून बघितलं. झालं शिक्षण! पंधरा दिवसांत फाट्यावर फलक — 'छातीठोक साहस केंद्र. अनुभवी प्रशिक्षक: भिवाजी.' खोटं काय त्यात? अनुभव होताच. मांडवाचा! डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात शिट्टी आणि तोंडी एकच मंत्र — "मी आहे ना!" लोक 'सर' म्हणू लागले. सर स्वतः मात्र तो कडा एकदाही उतरले नव्हते.

हसताय? हसा. पुढं हसू येणार नाही.

एका रविवारी मंदाताई खेर आल्या. वय बासष्ट, टपाल कार्यालयातून निवृत्त. आयुष्यभर उंचीची धास्ती! गच्चीवर कपडे वाळत घालायचे ते कठड्यापासून चार हात लांब. यजमान होते तोवर जिन्यातही त्यांचा हात धरायच्या. ते जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा कुठं बाईंनी ठरवलं — आता भीतीचाच हात सोडायचा.

"सर, तुम्ही किती वेळा उतरलात हो?"

"मोजणं सोडलंय, ताई!"

मंडळी, शून्य मोजायचं तरी कसं?

"दोर एकच दिसतोय. दुसरा नसतो का, आधाराला?"

"असतो की. पण... मी आहे ना!"

दुसरा दोर होता हो! पाटलांच्या बारशाच्या मांडवाला बांधलेला होता!

जांभळीच्या बुंध्याला दोन वेढे, वर मांडवाची गाठ, आणि मंदाताई कड्यावरून पाठमोऱ्या खाली. तोंडानं रामरक्षा चाललीय! वर रांगेत चौघं. त्यात देशमाने म्हणून एक गृहस्थ, भारी टापटिपीचे. हॉटेलात जेवले तर ताटल्या एकावर एक रचून उठणारे! त्यांना दिसलं दोराचं मोकळं टोक, धुळीत वेडंवाकडं पडलेलं. बघवेना. म्हटलं, नीट गुंडाळून ठेवू. उचललं, आणि जरासं ओढलं.

सुर्रकन!

भिवाजीनं झेप घेतली. दोर धरला, बुंध्याला पाय रोवले. ते दोन वेढे होते म्हणून तो बाईंचा भार पेलू शकला. पण किती वेळ? तळहात सोलायला लागले.

"कोणी हात लावला दोराला?" तो ओरडला. बघा मंडळी! जीव दुसऱ्याचा टांगलेला, आणि पहिलं वाक्य काय? दोष कुणाचा!

देशमाने पांढरेफटक पडले.

खालून आवाज, "सर, दोर हलला का हो?"

आणि सर म्हणाले — "मी आहे ना!" सवयच ती! मग मान वळवून, दबक्या आवाजात, "कुणाला... कुणाला गाठ येते का?"

प्रशिक्षक विचारतोय! शिकायला आलेल्यांना!

कुणालाच येईना. आली ती ठकूआजी. झाडाखाली चूल मांडून पाहुण्यांच्या भाकरी थापणारी. पिठाच्या हातानंच तिनं टोक उचललं, शेजारच्या झाडाला फिरवलं, फास घातला, आवळला. "सोड आता हळूहळू. ही आडावरची गाठ हाय. घागर आत टाकतो ती वर आणायला, बाबा. तुझ्यासारखी गुंडाळून न्यायला न्हाई."

दोर थांबला. मंदाताई उरलेलं अंतर उतरून अलगद जमिनीला टेकल्या. त्यांना काही कळलंच नाही!

सुटला ना भिवाजी? कुणी पकडलं? कुणी नाही. लाज वाटली? अजून नाही. हातपाय कापत होते, ती भीती.

अर्ध्या तासानं बाई पायवाटेनं वर आल्या. चेहरा असा, जणू सातवीतली मुलगी पहिली आलीय! सरळ भिवाजीपुढं आल्या, वाकल्या आणि त्याच्या पायांना हात लावला. बासष्ट वर्षांची बाई, पंचेचाळिशीच्या भिवाजीच्या!

"वयानं लहान आहात, पण आज गुरू झालात."

तेवढ्यात देशमाने पुढं झाले, मान खाली. "ताई, क्षमा करा. आज तुमचा जीव गेला असता. चूक माझी. मी दोराला हात लावला."

मंडळी, भिवाजीनं फक्त गप्प राहायचं होतं! दोष घ्यायला माणूस उभा, पाया पडायला माणूस वाकलेला. आणखी काय हवं?

पण भिवाजीला ते सोसेना. पाय मागं ओढून घ्यावेत, तर मागं कडा. म्हणाला, "नाही ताई. गाठ माझी होती. मांडवाची. हे काम मला येत नाही. हा कडा मी कधीच उतरलेलो नाही."

बाई रागावल्या? नाही! रागावल्या असत्या तर भिवाजीचं बरं झालं असतं. त्या हळू म्हणाल्या, "मधे एकदा मी डोळे मिटून घेतले होते. खालचं दिसायला नको म्हणून. तुमचं 'मी आहे ना' ऐकलं, आणि उघडले. बावीस वर्षांनी कुणीतरी तसं म्हणालं होतं हो मला..."

भिवाजीनं गळ्यातली शिट्टी काढून खाली ठेवली.

तर काका, लाज तेव्हा वाटते! पकडल्यावर नाही, कुणी आभार मानल्यावर.

फलक त्यानं त्याच दिवशी उतरवला. पुन्हा मांडव घालतो. हा वरचा त्याचाच! अहो, वर काय बघताय? खांबाला त्याची गाठ पक्की बसते, ते काम त्याला येतं! तो तिथं मागं उभा आहे. मी म्हटलं, नाव बदलून सांगू? म्हणाला, "नको महाराज. फलकावर नाव मीच लावलं होतं."

त्याच्याकडं वळून बघू नका, मंडळी. आपल्याकडं बघा. न शिकता औषध सांगणारे इथं किती? बघितलं-न बघितलं आणि पोरीचं स्थळ 'उत्तम आहे' म्हणणारे किती? 'मी आहे ना' म्हणताना आपण स्वतः तो कडा उतरलोय का, हे कुणी स्वतःला विचारलंय?

आता गजर करू. टाळी वाजवायला हात मोकळे करा. पण सोडण्याआधी एकदा नीट बघा — त्या हातात कुणाचा दोर तर नाही ना!