पिवळ्यांचं गाणं

चुनही : आधी बंद कर तो फोन, ओकसून.

ओकसून : करते, ताई. बटणच सापडेना.

चुनही : सगळ्या खाली अक्रोडाचे केक घ्यायला उतरल्यात, म्हणून वाचलीस. निघालोय आपल्या सॉलच्या कार्यक्रमाला, अंगात मोरपिशी जाकीट, आणि फोनच्या रिंगला गाणं कुणाचं, तर त्या यूनसकचं.

(कोरियातल्या सोल शहराच्या वाटेवरच्या थांब्यावर उभी असलेली बस. दोघीही सत्तरीच्या. चुनही ही गायक सॉलच्या देगू शहरातल्या चाहत्या मंडळाची प्रमुख.)

ओकसून : सुनेचा होता. मी मग करते तिला.

चुनही : विषय बदलू नकोस. गेल्या वर्षीचं बक्षीस त्याच्या त्या पिवळ्या जाकीटवाल्या चाहत्यांनी आपल्या तोंडचं पळवलं. बोटं दुखेपर्यंत मतं दिली होती आपण. विसरलीस?

ओकसून : नाही हो. माझं तर बोट सुजलं होतं.

चुनही : मग?

ओकसून : ह्यांच्यासाठी लावलंय ते. आज काढायचं राहिलं.

चुनही : तोकसूंसाठी? अगं, त्यांना पक्षाघाताचा झटका आल्यापासून रोज सकाळी मी सॉलचं एक गाणं पाठवते तुला. कुठलं हळू, कुठलं सोपं, निवडून पाठवते. तूच म्हणायचीस, छान आहेत.

ओकसून : छानच आहेत. मला आवडतात. हे मात्र नुसते छताकडे बघत राहायचे. तुम्ही एवढ्या मायेनं पाठवत होतात, कुठल्या तोंडानं सांगू? मग इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी टीव्ही लावला. त्यावर हा यूनसक गात होता. आणि ह्यांचे ओठ हलले, ताई.

चुनही : हलले म्हणजे?

ओकसून : गायला लागले. ज्या माणसाला साधं ‘पाणी’ म्हणता येत नाही, त्यानं अख्खी ओळ म्हटली. डॉक्टर म्हणाले, बोलणं गेलं तरी गाणं राहतं कधीकधी. आता घरात माझा फोन वाजला की गातात. शेजारणीला सांगून मुद्दाम फोन करायला लावते मी.

चुनही : मला सांगायचंस ना.

ओकसून : किमबाईंना तुम्ही मंडळातून काढलंत. पिवळी छत्री आणली म्हणून.

चुनही : छत्रीवर त्याचा फोटो होता.

ओकसून : ताई, गुरुवारी आपण तुमच्याकडे जमतो ना, अख्ख्या आठवड्यात मी तेवढीच हसते. तेही जाईल, ह्या भीतीनं गप्प राहिले. काढणार असाल तर परत गेल्यावर काढा. आज सगळ्यांसमोर नको.

चुनही : सुनेला फोन लाव. मला ऐकू दे.

ओकसून : हॅलो, बाळ, बाबांच्या कानाशी धर जरा. अहो, मी आहे. ते गाणं म्हणता? ‘भात गार...’

तोकसू : भात गार झाला... दारात दिवा जळतो... ये गं, ये घरी...

ओकसून : येते हो. रात्री येतेच. तुम्ही जेवून घ्या. ठेवते.

चुनही : एवढंच आहे ते?

ओकसून : तेवढंच येतं त्यांना. गाण्यातलंच आहे, कळतं मला. तरी वाटतं, मलाच बोलावतात. पण नाव नाही घेता येत. लग्न झाल्यापासून गल्लीतल्या पोरीला मारावी तशी नावानं हाक मारायचे. मोजे सापडले नाहीत, ओकसून. चष्मा सापडला नाही, ओकसून. मी करवादायची. आता ‘ओ’ वरच जीभ अडते आणि डोळ्यांतून पाणी येतं त्यांच्या. मरायच्या आधी एकदा हाक ऐकायचीय मला, बाकी काही नको.

चुनही : यूनसकचं एक जुनं गाणं आहे. बंदरावरचं.

ओकसून : असेल. मला हे एकच माहितीय.

चुनही : मुलगा बोटीत बसतो आणि किनाऱ्यावरच्या मुलीला हाक मारतो. धृपदात नुसतं ‘ओकसून, ओकसून’, चार वेळा. चाल हळू आहे. जमेल त्यांना.

ओकसून : ताई, तुम्हाला कसं ठाऊक?

चुनही : भांडी घासताना लावते. नळाच्या आवाजात शेजारी ऐकू जात नाही.

ओकसून : तुम्ही?

चुनही : आल्या बघ सगळ्या. फोन पिशवीत टाक. उद्या सकाळी पाठवते.