हरलेल्याची कॉफी

सभेचे अध्यक्ष श्री. ओविदियो कामाचो, राजधानीहून घाट चढून आलेले पक्षाचे सन्माननीय पाहुणे, फादर अन्सेल्मो, महापौरपदाचे पराभूत उमेदवार फाबियान (हो, पराभूतच म्हणते, कार्डावर 'लोकप्रिय' छापलं असलं तरी), आजचे सत्कारमूर्ती लिसिमाको सेगुरा, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या माजी विद्यार्थ्यांनो,

एकेचाळीस वर्षं पक्षाच्या ला कुएस्ता शाखेचं सचिवपद सांभाळणाऱ्या माणसाला आज आपण निरोप देतो आहोत. 'प्रकृतीच्या कारणास्तव', असं कार्डात म्हटलं आहे. कसली प्रकृती? आज सकाळी हे गृहस्थ माझ्या घरची चढण चढून आले आणि मक्याच्या पिठाचा वाफवलेला दुसरा तमाल मागून खाल्ला!

आपला कॉन्कॉर्दिया पक्ष सत्तर वर्षांपूर्वी इथल्या अकरा कॉफी-बागायतदारांनी काढला. माझे वडील त्यांपैकी एक. त्यांना जमीन सरकारनं बळकावलेली नको होती, आणि बड्या जमीनदारानं गिळलेलीही नको होती. घराला जमतं ते घरानं करावं, गावाला जमतं ते गावानं. राजधानीला उगाच त्रास देऊ नये. कायदा मात्र सगळ्यांना एक. एवढंच तत्त्वज्ञान. वहीच्या दीड पानात मावायचं.

पहिल्याच निवडणुकीत वडील एकोणीस मतांनी पडले. माझ्या मामानं पलंगाखाली बंदुका आणून ठेवल्या होत्या. वडिलांनी रविवारचा कोट चढवला, माझा हात धरला आणि चौक ओलांडून विजेत्याच्या दारावर थाप मारली. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

"कोण आहे?"

"हरलेला. कॉफी मिळेल का?"

 मग त्या घरच्या बाईंनी विचारलं, "साखर किती?"

बंदुका पलंगाखालीच गंजल्या. तेव्हापासून शपथविधीच्या आधी आपला हरलेला उमेदवार विजेत्याच्या घरी कॉफीला जातोच. लिसिमाको स्वतः दोनदा पडले, दोनदा गेले. दुसऱ्या वेळी परतताना मला म्हणाले, "या वेळची कॉफी गेल्या वेळेपेक्षा बरी होती." त्या पक्षाची मला आठवण येते हो! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लेमेन्सिया हरून रुसलेल्या मुलीला जेवणानंतरचं गोड देत नसत. आता रुसणाऱ्यांना व्यासपीठ देतात.

या वेळी आपण दोनशे बारा मतांनी पडलो. मतं दोनदा मोजली. लिसिमाको मोजणीला बसले होते, त्यांनी सही केली. तरी फाबियाननं मोबाईलवर साऱ्या देशाला सांगितलं, निवडणूक चोरली! मग कार्यालयात काय झालं ते मी दारात उभी राहून ऐकलं.

"काका, सही मागे घ्या."

"मोजताना चूक दाखव, घेतो."

"चूक झाली की नाही, हा प्रश्नच नाही. तुमचा काळ गेला आता."

"गेला असेल बाळा. दोनशे बारा अजून दोनशे बाराच आहेत."

"मग पक्षात राहून आम्हाला अडवू नका."

लिसिमाकोंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. ही त्यांची प्रकृती.

अध्यक्षमहाराज, घड्याळ दाखवू नका, दिसतंय मला. उद्या सकाळी निवडून आलेल्या वाल्तेर किरोसचा शपथविधी आहे. त्याचं घर चौकापलीकडे, दार उघडं आहे. मी आणि लिसिमाको आता तिकडे निघालो आहोत. पण आम्ही दोघं या वेळचे उमेदवार नव्हतो. आमच्या जाण्यानं रीत पुरी होत नाही. ती फाबियान, तुझ्याच पायांनी होते. तुला तिसरीत मीच शिकवलं. बेरीज तुला उत्तम यायची.

मला बोलायला बोलावलं त्याबद्दल संयोजकांचे आभार. पुढच्या वेळी विचार करून बोलावतील. पाहुण्यांसमोर घरचं उणंदुणं काढलं, जीभ आवरली नाही, सगळ्यांनी उदार मनानं क्षमा करावी.

चला लिसिमाको, हात द्या. या सभागृहाला बारा पायऱ्या आहेत, आणि आम्हा दोघांचे गुडघे पाहता, फाबियान, तुला विचार करायला भरपूर वेळ आहे.