जाहिरातीतलं निळं पाणी

नाही, मला सांगा ना, रसायनशास्त्राचा मास्तर चक्कर येऊन पडतो कशानं? पाणी न प्यायल्यानं! माझे बाबा! उभं आयुष्य पाणी शिकवलंय या माणसानं, पाणी! मधे ऑक्सिजन, दोन बाजूंना दोन हायड्रोजन कान टवकारल्यासारखे, एक रेणू दुसऱ्याचा हात धरतो म्हणून पाणी पाणी राहतं... जेवताना हेच, दात घासताना हेच, मला बडवताना सुद्धा हेच! याच विषयात आपटून मी कॉलेज सोडलं. ते जाऊ दे, माझ्यावर नंतर या.

तर डॉक्टर म्हणाले, "सर, शरीर पार सुकलंय. पाणी पिता ना?" हे म्हणतात, "भरपूर!" धडधडीत खोटं! आई उशाशी भरून ठेवायची ती बाटली रोज खिडकीतल्या कुंडीत रिकामी होत होती. रोप मुळापासून कुजलं आणि बाबा सुकले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि रक्तदाबाची गोळी? ती लघवीला लावते म्हणून तीही कुंडीतच! रोपाचा रक्तदाब मात्र शेवटपर्यंत उत्तम असणार.

का, तर अंथरूण ओलं झालं होतं. बस्स, एवढंच. वय झालं, पाझरतं माणूस! पण आमच्या घरात मोठी माणसं याचा उच्चार करतील तर शपथ. आई मोठ्यांचे डायपर घेऊन आली, ते वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात बॅगांच्या मागे लपवले आणि मला कोपऱ्यात घेऊन कुजबुजते, "'ते' आणलंय रे. तू बोल ना त्यांच्याशी." मी? "पुरुषांचं पुरुषांनी बोललेलं बरं असतं." वा! संसार हिनं केला यांच्याशी, आणि बोलायचं मी! तिकडे बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले, ओठांना भेगा, ग्लास पुढे केला की "ठेव तिथं". असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं. उभं आयुष्य पाणी शिकवलेला माणूस लाजेपायी मरायला निघालाय, आणि आम्ही कुजबुजतोय!

तुम्हाला सांगतो, माझं टाळकंच सटकलं. 'ते' काढलं, बाबांच्या पुढ्यात टराटरा फाडलं आणि ओरडलो, "ह्यात काय असतं? सांगा! मी नापास आहे, मला कळत नाही!" आई दारात, तोंडावर हात. आतून पांढरी भुकटी सांडली चादरीवर. बाबांनी मान वळवली... चिमूटभर उचलली... बोटांत चोळली...

"पॉलिमर आहे, गाढवा. पाणी आण."

पाणी आण! कित्येक दिवसांनी तो शब्द त्या तोंडातून आला हो!

भुकटी ग्लासात टाकली, वर पाणी ओतलं, फुगली, ग्लास उलटा केला तरी थेंब पडेना. बाबा उठून बसले! "लांबच लांब साखळी. कडीकडी पाण्याला ओढते. कळलं?" "नाही." "कसं कळेल! मीठ आण." मीठ टाकलं, तर तो गोळा घाबरल्यासारखा पाणी सोडायला लागला. "बघितलंस? क्षार आले की साखळी आखडते. आणि लघवीत क्षार असतात! मग हे लबाड कंपनीवाले जाहिरातीत निळं पाणी ओतून काय दाखवतात? खऱ्याला किती पुरतं, ते कोण सांगणार?"

मी म्हणालो, "बाबा, घालून बघितल्याशिवाय कसं कळणार?"

मला वाटलं, आता ग्लास येतो कपाळावर. पण त्यांची हनुवटी थरथरली... आणि मी जमिनीकडे बघायला लागलो. उभं आयुष्य पाणी शिकवलेल्या माणसाच्या डोळ्यांत ते आलं, की आपण बघायचं नसतं.

मग हळूच म्हणाले, "त्या चिकटपट्ट्या... मागून पुढे लावायच्या का रे?"

"मी लावून देतो."

"दार लाव आधी. आणि एक ग्लास पाणी दे. काठोकाठ. प्रयोग म्हणजे प्रयोग."

गटागटा प्यायले. आई दाराबाहेर रडत होती, तेही कुजबुजतच.

झालं ना छान? थांबा! आता उतलेत! बागेत मित्रांच्या घोळक्यात छाती काढून सांगतात, "आत्ता, या क्षणी, मी डायपर घातलेला आहे!" औषधांच्या दुकानात भर गर्दीत ओरडतात, "मोठ्या मापाचा द्या, मागचा कडेनं गळत होता!" दुकानदार माझ्याकडे बघतो, रांगेतल्या मुली माझ्याकडे बघतात, मी छताकडे बघतो. अहो, जिच्यापायी हा माणूस पाणी पीत नव्हता, ती लाज गेली कुठे? माझ्याकडे आलीये, मुक्कामाला! असू दे... कुणीतरी वागवायलाच हवी ना. मी तरणा आहे, झेपेल मला.