फुली मारलेला डबा

मंडळींनो, मंगळवार, बारा जानेवारी. सकाळचे साडेदहा. ही वेळ मी वहीत लिहून ठेवली आहे. उद्या कोणी म्हणायला नको की बाई म्हाताऱ्या झाल्या, काहीही बोलतात.

त्या वेळी दगडूबांची राख सावडून घरचे पुरुष नदीवर आंघोळीला गेले होते. आणि आपल्या पाझर तलावावर बंदुकीचे बार निघाले. चार बार. मी ओट्यावर बसून ऐकले.

आज शाळेच्या मैदानात शोकसभेला तुम्ही सगळे जमलात, शेजारच्या टेंभुर्णीचीही माणसं आली, बरं वाटलं. पण बोलणं अवघड आहे. दुःखामुळे म्हणाल, तर तसं नाही. दगडूबा भरपूर जगले, दुपारचा चहा पिऊन बाजेवर आडवे झाले आणि उठले नाहीत. असं मरण मला मिळालं तर मी देवाचे आभार मानीन. अवघड आहे ते पहिल्या रांगेतल्या तिघांकडे बघून जीभ आवरणं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला पुष्कळ शिकवलं. तेवढं एक जमलं नाही.

पाहुण्यांसाठी सांगते. दगडूबा शेतकरी. पिकाच्या राखणीसाठी परवाना आणि वडिलांच्या वेळची दुनळी बंदूक. हिवाळ्यात तलावावर बदकं उतरली की हा माणूस घरी सापडायचा नाही. नेम असा की लोक पैज लावायचे, आणि हरायचे.

एका हिवाळ्यात ते माझ्या दारात आले. हातात मेलेलं बदक.

"बाई, तुमी शायन्स शिकवलं ना पोरायला? मंग हे सांगा. याला गोळी लागलेली न्हाई. चार दिवसांपासून पंख लोंबवून काठावर बसून होतं. उडता येत न्हवतं. मेलं कशानं?"

मी म्हटलं, कापा. अंगणातच कापलं. पक्ष्याच्या पोटात दाणे दळायची पिशवी असते, तिला आपण पथरी म्हणतो. तिच्यात बदक वाळू, खडे गिळून ठेवतं. तिच्यात खडे होतेच. आणि बंदुकीतले शिशाचे छर्रे. झिजून गुळगुळीत झालेले.

वर्षानुवर्षं तलावावर बार उडाले, छर्रे चिखलात पडले. बदकांनी खडे समजून गिळले. शिसं पोटात दळलं गेलं, रक्तात गेलं.

दगडूबांनी ते छर्रे तळहातावर घेतले. मग म्हणाले, "म्हंजे बाई, माझा नेम चुकला तरी बदक मरतंच."

मंडळींनो, नेमाचा गर्व असलेल्या माणसाने हे वाक्य बोलायचं, त्याला छाती लागते.

पण शिकार सोडायची न्हाई, हा हट्ट होताच. आठ दिवसांनी पुन्हा हजर. चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज. "इलाज सापडला, बाई! सायकलच्या दुकानातले लोखंडी छर्रे. त्याला शिशावानी ईख न्हाई." ते छर्रे घातलेल्या पितळी काडतुसांचा एक अख्खा डबा भरून ठेवला होता!

मी म्हटलं, थांबा. माझा मामेभाऊ परदेशात इंजिनिअर आहे, त्याला विचारते. "तुमचं पत्र जाऊन येईस्तोवर बदकं उडून जातील," म्हणाले. मी म्हटलं, जाऊ द्या. दोन हात शाबूत राहतील.

उत्तर आलं. तिकडे बदकांसाठी शिसं सोडून पोलादाचे छर्रे वापरायला लागलेत, पण नव्या बंदुकीत. जुन्या नळीचं पोलाद मऊ, तिचं तोंड आवळलेलं. शिसं तिथून दबून निघतं, पोलाद दबत नाही. नळी फुगते, कधी फाटते. मऊ, जड आणि विषारी नसलेला दुसरा धातू शोधताहेत, पण आपल्याकडे मिळणार नाही.

दगडूबांनी पत्रावर विश्वास ठेवला नाही. कानस मागवली. नळीच्या कडेवर घासली, चरा उमटला. छर्र्यावर घासली, घसरली. पुन्हा घासली. पुन्हा घसरली.

"बाई, हा तर नळीपेक्षा कडक हाये."

"मग?"

"मंग काय. शिशानं बदक मरंल, लोखंडानं मी."

त्या डब्यावर त्यांनी लाल रंगाने फुली मारली आणि तो माळ्यावर टाकला. बंदूक खिळ्याला लागली. चांगला छर्रा मिळेपर्यंत, म्हणाले. तो मिळाला नाही. पण हिवाळा आला की ते बांधावर जाऊन बसायचेच. रिकाम्या हातांनी. सुखी दिसायचे. मी टोमणा मारायची, "काय दगडूबा, आज किती पाडली?" म्हणायचे, "मोजून राह्यलो, बाई. पाडली तर मोजायची कुनी?"

आता मंगळवार. सुभाष, मान वर कर. तू त्यांचा भाचा, माझा विद्यार्थी. मामाच्या नावानं शिकार करायची म्हणून खिळ्यावरची बंदूक काढलीस. माणूस गेला की बंदूक ठाण्यात जमा करायची असते, हे माहीत नव्हतं? माळ्यावरचा डबाही काढलास. फुली बघून तुला वाटलं, मामाचा खास माल! कौसाबाई, तुझी मामी, तीन दिवसांची विधवा, रिकामा खिळा बघून उन्हातून बांधापर्यंत धावली. तिने डबा हिसकावला.

"मुडद्या, फुली दिसत न्हाई? मामाच्या मागं जायची जल्दी झाली का?"

त्या बाईमुळे तुझे हात आज जागेवर आहेत. आणि तू काय केलंस? तुझ्या शेजारी बसलेल्या या दोन मित्रांच्या बंदुकांत शिशाची काडतुसं होती, ती उडवलीत. चार बार. माणसाने जे सोडलं, तेच त्याच्या नावानं केलंत.

बंदूक आता ठाण्यात आहे. खिळा मोकळा आहे. तिघांनी एका कागदावर लिहून द्यायचं: या तलावावर शिसं नाही, आणि जुन्या नळीत पोलाद नाही. दोन्हीला पर्याय मिळेपर्यंत बार नाही. तेराव्याच्या दिवशी सकाळी दहाच्या आत. तोंडी कबुली मी शाळेतही घेतली नाही. कागद कौसाबाई त्या खिळ्याला लावणार आहे.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कोणी बोलू नका. तलाव जवळच आहे, कान द्या. बदकांचा आवाज येतोय ना? दगडूबा तीच मोजत बसायचे. सुभाष, तूही मोज. आणि तेराव्याला लिहून आण.